एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सी आणि गुप्तरोग: फरक काय, सारखं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सरकारी दवाखान्यात काउन्सेलर म्हणून काम करते, एचआयव्ही टेस्टच्या आधी आणि नंतर लोकांशी बोलायचं हे माझं काम. दार लोटून घेऊन, आवाज खाली करून, कधी "मॅडम माझ्या मित्राला विचारायचंय" असं म्हणून लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे उतरवलेत. भाषा बोलतो तशीच ठेवलीय कारण पुस्तकी भाषेत लिहिलं की लोक पहिल्या ओळीवरच सोडून देतात, आणि हा विषय सोडून देण्यासारखा नाहीये.

हे सगळे आजार एकच आहेत का? सगळ्यांना गुप्तरोगच म्हणतात ना?

एक नाहीत, पण रस्ता बराच एक आहे म्हणून गोंधळ होतो. एचआयव्ही हा व्हायरस शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. हेपॅटायटिस बी आणि सी हे वेगळे व्हायरस, ते लिव्हरवर बसतात. आणि गुप्तरोग म्हणजे संबंधातून लागणारे आजार, त्यात खूप प्रकार आले, सिफिलिस म्हणजे आपल्याकडची गरमी, गोनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, नागीणसारखे फोड आणणारा हर्पिस, मस वाढवणारा एचपीव्ही. यातले पहिले चार औषधाने पूर्ण बरे होतात.

रस्ता एक म्हणजे काय, तर असुरक्षित संबंध, रक्त, आणि आईकडून बाळाला. म्हणून ज्याला एक लागलाय त्याला दुसरा असायची शक्यता जास्त. आणि हे नुसतं योगायोगाने नाही, जखम किंवा सूज असेल तर तिथून एचआयव्हीला आत शिरायला सोपं जातं.

यातला सगळ्यात डेंजर कुठला?

हा प्रश्न रोज येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असतं, एचआयव्ही. आता आकडे बघा. २०२२ साली जगात हेपॅटायटिसने साधारण १३ लाख माणसं गेली, त्यात जवळपास सगळी बी आणि सीची, आणि एचआयव्हीशी संबंधित आजारांनी गेली साधारण ६ लाख ३० हजार. भारतात एचआयव्ही असलेली माणसं २५ लाखांच्या आसपास आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये हेपॅटायटिस बी असलेली २.९८ कोटी आणि सीची ५५ लाख. म्हणजे बीचीच माणसं एचआयव्हीच्या दहापटीहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांना माहीतच नाही.

एचआयव्हीबद्दल आपण तीस-पस्तीस वर्षं ऐकतोय. १९८६ साली चेन्नईत पहिल्या केसेस सापडल्या, १९९२ मध्ये नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आली, भिंतीवर, एसटी स्टँडवर, रेडिओवर सगळीकडे एड्स एड्स झालं, ते गरजेचंही होतं कारण महाराष्ट्रात तेव्हा घरंच्या घरं रिकामी होत होती आणि आजही देशात सगळ्यात जास्त एचआयव्ही असलेले लोक आपल्याच राज्यात आहेत. पण त्या भीतीत बाकीचे आजार मागेच राहिले. म्हणून "डेंजर कुठला" याला माझं एकच उत्तर असतं, जो तुम्हाला आहे आणि तुम्ही तपासला नाही तो.

हेपॅटायटिस म्हणजे कावीळच ना? मला लहानपणी झालेली, माळ घालून बरी झाली.

तुमची ती कावीळ बहुतेक ए किंवा ईची असणार. ती दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून होते, पावसाळ्यात गावात पाइपलाइन फुटली की गल्लीच्या गल्ली पिवळी होते ती हीच, आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मग श्रेय माळेला जातं, नाहीतर हातावर चुन्याचं पाणी टाकून "बघा कावीळ उतरली" दाखवणाऱ्याला जातं.

बी आणि सीचं तसं नाही. ते रक्तातून, संबंधातून, आईकडून येतात आणि कित्येकदा डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस वीस-वीस वर्षं ठणठणीत हिंडतो, शेतात राबतो, आणि एक दिवस पोटात पाणी भरतं, रक्ताची उलटी होते, तेव्हा लिव्हर आक्रसून गेलेलं असतं. पोटात पाणी झालेल्या माणसाला माळेवर ठेवून आठ-आठ दिवस घालवलेले मी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगते, कावीळ कुठलीही असो, रक्त तपासून ती कुठली आहे ते आधी बघा. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवससुद्धा घरी थांबू नका, ईची कावीळ शेवटच्या महिन्यांत तिच्या जिवावर बेतते.

एका ताटात जेवलं, मिठी मारली, डास चावला तर?

नाही. एचआयव्ही नाही, हेपॅटायटिस बी-सी नाही. संडास एक वापरला, कपडे एकत्र धुतले, पोहायला एकत्र गेलो, काही होत नाही. घरातल्या माणसाचं ताट-तांब्या वेगळा करू नका, त्याने आजार थांबत नाही, माणूस मात्र तुटतो.

मग दाढीचं ब्लेड, टॅटू, सुई यांचं काय?

इथे फरक नीट समजून घ्या कारण इथेच तिघांची ताकद वेगळी दिसते. एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. हेपॅटायटिस बी मात्र वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. हॉस्पिटलमध्ये नर्सेसना शिकवताना तीनचा हिशोब सांगतात, वापरलेली सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात ३, सीचा शंभरात ३ (नवीन अंदाज याहून कमी आहेत), आणि लस न घेतलेल्या माणसाला बीचा शंभरात ३० पर्यंत.

म्हणून सलूनमध्ये नवीन ब्लेड समोर फोडायला लावा, लाजू नका. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदतात, तिथे गोंदवू नका. घरात दाढीचं रेझर, ब्रश, नेलकटर आपापलं ठेवा. आणि गावात एखादा डॉक्टर उकळत्या पाण्यातली जुनी सुई काढून टोचत असेल तर उठून या, सुई-सिरिंज नवीन पाकिटातलीच. नस शोधून नशा करणाऱ्या पोरांमध्ये सी एचआयव्हीपेक्षाही वेगाने पसरतो, सुई एक, पोरं चार, असं असतं ते.

लक्षणं काय असतात? बघून कळतं का?

बघून कळत नाही. या अख्ख्या पानावरची एकच ओळ वाचणार असाल तर ही वाचा.

एचआयव्हीमध्ये सुरुवातीला २ ते ४ आठवड्यांनी ताप, घसा, अंगावर पुरळ येऊ शकतं, फ्लू समजून विसरलं जातं, मग वर्षानुवर्षं काहीच नाही. सिफिलिसमध्ये जागेवर एक फोड येतो, साधारण ३ आठवड्यांनी, आणि तो दुखत नाही. हेच वाईट आहे, कारण दुखत नाही म्हणून कोणी येत नाही, काही आठवड्यांत तो आपोआप भरतो, माणूस म्हणतो बरं झालं, आणि जंतू आतच. मग तळहात-तळपायावर पुरळ, मग परत शांत, आणि बऱ्याच वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे. गोनोरिया पुरुषांना लवकर कळतो, लघवीला आग, पू येणं, काही दिवसांतच. पण बायकांना गोनोरिया आणि क्लॅमिडियामध्ये बरेचदा काहीच होत नाही, नाहीतर अंगावरून थोडं जास्त पांढरं जातं आणि "बायकांना असतंच ते" म्हणून सोडून देतात. आत गर्भनळ्या सुजतात, बंद होतात, आणि पुढे मूल होत नाही म्हणून बोल तिलाच लागतो. इन्फेक्शन नवऱ्याकडून आलेलं, त्याला कधीच तपासलं नाही, आणि बोल तिला! मला या एका गोष्टीचा जितका त्रास होतो तितका कशाचाच होत नाही.

टेस्ट कधी करायची? दुसऱ्याच दिवशी केली तर चालेल?

दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात, इन्फेक्शन आत आहे पण टेस्टला अजून दिसत नाही. एचआयव्हीच्या साध्या रॅपिड टेस्टला ३ आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंत लागू शकतात. हेपॅटायटिस बी साधारण महिन्याभरात दिसायला लागतो, सीच्या अँटिबॉडीला, म्हणजे शरीर व्हायरसविरुद्ध जे तयार करतं त्याला, २ ते ३ महिने, सिफिलिसला फोड आल्यावर आणखी थोडे दिवस. म्हणून आम्ही सांगतो, आज एकदा करा आणि ३ महिन्यांनी परत करा, मधल्या काळात कंडोम.

आणि एक विनंती, टेस्ट फुकट होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. रक्तपेढीत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासतात हे खरं, पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असाल तर तुमचं रक्त कोणाच्या तरी लेकराला चढेल.

माझी एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली. सुटलो ना?

इथेच खरी चूक होते. माणूस महिनाभर झोपलेला नसतो, रिपोर्ट हातात पडला की रडतो, पाया पडतो, पेढे आणतो, आणि पळतो. मी मागून हाक मारते, "अहो थांबा, व्हीडीआरएल राहिली, हेपॅटायटिस राहिलं." (व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट.) तो म्हणतो, "नको मॅडम, मेन टेस्ट झाली ना." मेन टेस्ट असं काही नसतं हो. ज्या रात्रीची भीती वाटून तुम्ही आलात त्या रात्री चार-पाच आजारांचा धोका होता, तुम्ही एकच तपासला. रक्त तर काढलेलंच असतं, त्याच रक्तात बाकीचं होऊ शकतं, तेव्हा तोंड उघडून मागा.

काल रात्री चूक झाली, कंडोम फाटला. आता काय करू?

वाचत बसू नका, आधी दवाखान्यात जा. एचआयव्हीसाठी पेप नावाच्या गोळ्या असतात, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस रोज घ्यायच्या. सिव्हिल हॉस्पिटल किंवा एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, विचारा. बीची लस झालेली नसेल तर तीही लगेच सुरू करतात, गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीचं, इंजेक्शनपण देतात. सीसाठी आधी घ्यायचं असं काही नाही, त्यात तपासणी आणि लागलं तर उपचार. बलात्काराच्या केसमध्ये हे सगळं सरकारी आणि खाजगी दोन्ही हॉस्पिटलना फुकट द्यावं लागतं, पोलिसात तक्रार झालेली असो वा नसो.

हे बरे होतात का?

पटकन सांगते. सिफिलिस बरा होतो, लवकर कळला तर पेनिसिलिनचं एक मोठं इंजेक्शन पुरतं. गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास बरे होतात. हर्पिस दबतो, परत येऊ शकतो.

हेपॅटायटिस सी बरा होतो. हो, पूर्ण बरा होतो, व्हायरस शरीरातून जातो! हे लोकांना अजून माहीत नाही. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, दिवसातून एकदा, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले नव्वदहून जास्त लोक बरे होतात. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून सरकारी केंद्रात हे फुकट मिळतं.

हेपॅटायटिस बी सहसा मुळापासून जात नाही पण टेनोफोव्हिरसारख्या गोळीने काबूत राहतो. एचआयव्हीपण जात नाही, पण रोज एक गोळी, तीन औषधं एकत्र असलेली, फुकट, आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. १ एप्रिल २००४ ला सरकारने एआरटी फुकट सुरू केली त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा या गोळीची किंमत. आणि नियमित गोळी घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मशीनला दिसेनासा झाला तर संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. हे मी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून सांगते, दोघांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

सीचा कोर्स पूर्ण केला तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच येतोय. लुबाडलं का मला?

नाही. साधी टेस्ट अँटिबॉडी बघते, म्हणजे आजार येऊन गेल्याची खूण, ती बरं झाल्यावरही राहते. व्हायरस आत्ता आहे का हे आरएनए टेस्ट सांगते, कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी ती करतात, ती निगेटिव्ह म्हणजे तुम्ही बरे. सिफिलिसच्या काही टेस्टचंही असंच आहे, जन्मभर पॉझिटिव्ह राहतात. जुनी फाइल आणि उपचाराचे कागद जपून ठेवा. आणि बरं झालात तरी सी असो की सिफिलिस, परत लागू शकतो, देवीसारखं एकदा होऊन गेलं की सुटलं असं नाही.

बी पॉझिटिव्ह आलं पण डॉक्टरांनी गोळीच दिली नाही?

ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह आणि हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह वेगळं, हे आधी सांगते कारण दोनदा हा गोंधळ झालाय माझ्यासमोर.

बी असलेल्या प्रत्येकाला गोळी लागत नाही. व्हायरस किती, लिव्हरला सूज किती, लिव्हर कडक झालंय का हे बघून ठरवतात. पण गोळी नाही म्हणजे विसरून जा असं नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी करायचीच, कारण बीमध्ये लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. दारू पूर्ण बंद, एक पेगसुद्धा नको. आणि गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, आजार एकदम उसळी मारतो. घरच्यांना तपासा, ज्यांना नाही त्यांना लस द्या.

कोकणातली बरीच पोरं गल्फला जायच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा हे ऐकतात. अनफिट शिक्का बसतो, एजंटचे पैसे अडकलेले, घरी सांगता येत नाही. त्या पोराला नोकरी गेल्याचं दुःख असतं, पण आजार वेळेत कळलाय हेही त्याला कोणीतरी शांतपणे बसून सांगायला हवं.

मी गरोदर आहे, आशाताईंनी एवढ्या टेस्ट का लिहून दिल्यात? माझ्यावर संशय आहे का?

अजिबात नाही, प्रत्येक गरोदर बाईच्या होतात. एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी. उपचार नसतील तर आईचा एचआयव्ही बाळाला लागायची शक्यता १५ ते ४५ टक्के, उपचार घेतले तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. सिफिलिस तपासला नाही तर बाळ पोटात दगावू शकतं, आणि इलाज काय तर पेनिसिलिन.

बीचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातले ९५ जण स्वतःच त्याला हरवतात. जन्मताना बाळाला लागला तर शंभरातली ९० बाळं तो आयुष्यभर घेऊन फिरतात. म्हणून जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन. डिलिव्हरी खाजगीत असली तरी नवऱ्याला, आईला, कोणालातरी सांगून ठेवा, "बाळाला बीचा डोस दिला का" हे विचारायचं.

लस कशाकशावर आहे?

बीवर आहे, सीवर नाही, एचआयव्हीवर नाही, सिफिलिसवर नाही. बीची लस मोठ्यांनाही घेता येते, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. २०११ च्या आधी जन्मलेल्या बऱ्याच जणांना ती लहानपणी मिळालेली नाही, कारण देशभर ती तेव्हा सगळीकडे पोचली. एचपीव्हीवर लस आहे, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी, आणि पुण्याच्या सीरमने आपली देशी सर्व्हाव्हॅक काढलीय. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्या. "एवढ्या लहान पोरीला गुप्तरोगाची लस कशाला" असं आयांनाच वाटतं, तर ती कॅन्सरची लस आहे असं समजा आणि द्या.

कंडोम सगळ्यांपासून वाचवतो का?

एचआयव्ही, बी, गोनोरिया, क्लॅमिडिया यांच्यापासून खूप चांगला. हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिस कातडीला कातडी लागूनही पसरतात, कंडोम झाकतो तेवढाच भाग वाचतो. तरीही वापरा. गर्भनिरोधक गोळी किंवा कॉपर टी या आजारांपासून वाचवत नाही.

मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, आग थांबली. अजून दवाखान्यात जायला हवं?

हवं. अर्धवट अँटिबायोटिकने लक्षण दबतं, जंतू राहतो आणि औषधाला दाद देईनासा होतो, गोनोरियाचं जगभर हेच झालंय. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात, रंगाप्रमाणे किट असतात, राखाडी, हिरवा, पांढरा, निळा असे सात, लक्षण बघून पूर्ण कोर्स देतात, फुकट. कुठला रंग कशासाठी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग लोक स्वतःच मागून घेतात. जोडीदाराचा उपचार सोबतच, नाहीतर चेंडू इकडून तिकडे फिरत राहतो.

सरकारी दवाखान्यात गेलो तर गावभर होईल.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, वॉर्डात मोठ्याने हाक मारलेली मी स्वतः पाहिलीय आणि त्यावर भांडलेही आहे. पण आता कायदा आहे, एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत. हेपॅटायटिससाठी असा वेगळा कायदा नाही आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. तुमच्या तालुक्यात ओळखीचे लोक असतील तर शेजारच्या तालुक्यात जा, कोणी अडवत नाही.

कुठे जायचं, काय म्हणायचं?

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा सिव्हिल, तिथे आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही टेस्ट आणि काउन्सेलिंगचं केंद्र, कुठे आहे विचारा, नुसतं "रक्त तपासायचंय" म्हटलं तरी चालतं, कारण सांगावं लागत नाही. आत गेल्यावर म्हणा, एचआयव्ही, व्हीडीआरएल, हेपॅटायटिस बी आणि सी, चारही करायच्यात. एखादी तिथे होत नसेल तर कुठे होईल ते लिहून घ्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, फुकट आहे, मराठीतपण बोलतात. एचआयव्हीचा रॅपिड रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो, पॉझिटिव्ह वाटला तर वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करूनच सांगतात. सोबत कोणी हवं असेल तर आणा, एकटे आलात तरी खुर्ची आहे.